पहिलं दळण

आमचे अण्णा नऊ वर्षांपूर्वी, मे महिन्यातल्या एका रविवारी, दुपारी सव्वाबारा वाजता रिटायर झाले. शाल, श्रीफळ, फेटा, हार, फ्लेक्स, सत्तर माणसांचं जेवण, सगळं रीतसर झालं. त्यानंतर दीड-दोन तासांत असं ठरलं, की असं काही झालेलंच नाही. हा ठराव आमच्या घरात आजही लागू आहे, त्यामुळं ते झालं असं मीही म्हणत नाही. जे झालं नाही ते कसकसं झालं नाही, एवढंच सांगतो.

उघड्या जीपमध्ये ओंबासे गुरुजी उभे होते. गळ्यात पाच हार, डोक्यावर गुलाबी फेटा, पुढं शाळेची पोरं, मागं झांजपथक. एप्रिलची तीस तारीख होती आणि ऊन असं होतं, की झांजा हातात धरवत नसाव्यात. मिरवणूक मंगळवेढ्यातल्या आमच्या गल्लीत शिरली तेव्हा आमच्या पिठाच्या गिरणीत सात बायकांचे डबे रांगेत होते. सातही बायका डबे सोडून दारात गेल्या. अण्णांनी मोटर बंद केली. भर दुपारी त्यांनी मोटर बंद केलेली मी त्याआधी दोनदाच पाहिली होती, एकदा आजोबा वारले तेव्हा आणि एकदा पट्टा तुटला तेव्हा.

अण्णा दारात येऊन उभे राहिले. भुवया पांढऱ्या, कान पांढरे, डोळे तेवढे काळे.

"काय केलं रं ह्यानं?" त्यांनी मला विचारलं.

"रिटायर झाले."

"ते दिसतंय. केलं काय?"

"छत्तीस वर्षं शिकवलं."

"मी बेचाळीस वर्षं दळलं." अण्णांनी जीपकडं नीट बघून घेतलं. "ह्यानं शिकवलेलं कोण खातंय का?"

गुरुजी आमचे शेजारी, भिंतीला भिंत. त्यांनी जीप मुद्दाम आमच्या दारात थांबवली आणि वरूनच पेढ्याचा बॉक्स पुढं केला.

"अण्णा, आम्ही सुटलो! तुम्ही कधी मोकळे होणार?"

अण्णांनी पेढा घेतला, तोंडात टाकला, सावकाश चघळला.

"पेढा बरा हाय," ते म्हणाले, "पण खव्यात पीठ मिसळलंय."

पीठ त्यांच्याच बोटांचं होतं. पण हे त्यांना सांगायची ती वेळ नव्हती.

त्या दिवशी अण्णा जेवताना एकच वाक्य बोलले. "सरकारी माणूस अठ्ठावन्नला सुटतो. मी एकसष्टचा हाय. म्हंजे तीन वर्षं मी जास्तीचं दळलंय, आन् कुणी सांगितलंसुदीक न्हाई."

अण्णांना खोकला होता. गिरणीवाल्याला खोकला असणं म्हणजे कोष्ट्याला पाठ दुखणं, त्याला कुणी आजार म्हणत नाही. पण त्या वर्षी जिना चढताना तो त्यांना दोनदा थांबवायला लागला होता. सोलापूरच्या डॉक्टरनं एक्स-रे उजेडाला धरून बजावलं होतं, "काका, वर्षभरात पिठातून बाहेर पडा. नाहीतर मग बाहेर पडून उपयोग नाही." अण्णांनी डॉक्टरचं ऐकलं नव्हतं. जीपचं ऐकलं.

दुसऱ्या दिवशी सकाळीच ते गुरुजींच्या ओट्यावर जाऊन बसले. मला सोबत नेलं, कारण अशा गोष्टी कुणीतरी लिहून घ्याव्या लागतात.

"गुरुजी, मला रिटायर व्हायचंय. काय काय लागतं?"

गुरुजी एक दिवस जुने निवृत्त होते, पण अनुभवी माणसासारखे मागं रेलले. "अण्णा, तुम्ही मालक. मालकाला कोण रिटायर करणार?"

"त्येच तर इचारतोय."

"शाल, श्रीफळ वगैरे होईल. पण मुख्य म्हणजे चार्ज द्यावा लागतो. चार्ज दिल्याशिवाय माणूस निवृत्त होत नाही, नुसता घरी येतो."

"चार्ज म्हंजे?"

"आपल्या ताब्यातल्या वस्तू पुढच्या माणसाच्या ताब्यात देणं. मी दिल्या. एक पृथ्वीगोल, दोन नकाशे, खडूंच्या पेट्या. पुढच्या माणसाची सही घेतली, मग शाल घेतली."

अण्णांचा चेहरा उतरला. पृथ्वीगोल आमच्याकडं नव्हता. मोटर, पट्टा, वजनकाटा होता, पण ते कुणाच्याही ताब्यात दिलं तरी चालतं, बटण दाबायला चार्ज लागत नाही. मग ते एकदम म्हणाले, "टाकी हाय की."

टाकी म्हणजे छिन्नी. गिरणीचे दोन दगड धान्य दळता दळता स्वतः गुळगुळीत होतात. म्हणून आठ-दहा दिवसांनी वरचा दगड उचलून दोन्हींवर टाकीनं घाव घालायचे, बारीक, सरळ, मधोमधपासून कडेपर्यंत. घाव चुकले की दगड दळत नाही, नुसता घासतो. पीठ गरम पडतं. गरम पडलं की जोंधळ्याच्या पिठाची विरी जाते, म्हणजे पीठ धरून राहत नाही, भाकरी थापतानाच फाटते. आणि मंगळवेढ्यात जिची भाकरी फाटली ती बाई नशिबाला दोष देत नाही, तो तुकडा घेऊन गिरणीच्या दारात येते. आमच्या दारात बेचाळीस वर्षांत अशी बाई आली नव्हती. ही अण्णांची सगळी इस्टेट.

"म्हंजे टाकी ज्याच्या हातात दीन, त्यो पुढचा मालक," अण्णा म्हणाले.

मी खाली मान घालून वहीत 'टाकी' असं लिहिलं आणि खाली दोन रेघा ओढल्या. पुढचा मालक कोण यात मला शंका नव्हती. दहावीनंतर सात वर्षं मी गिरणीत होतो. पोती मी उचलत होतो. कुणाच्या डब्याला झाकण नाही, कुणाला पीठ जाड लागतं, कुणाशी कुणाचं बोलणं बंद असल्यामुळं कुणाचं दळण कुणानंतर लावायचं नाही, हे सगळं मला पाठ होतं. माझा थोरला भाऊ मल्लिनाथ एसटीत कंडक्टर, तो घरी कमी आणि वळणावर जास्त. राहिलं टाकीचं. टाकी मला येत होती. माझे घाव बघून अण्णा म्हणायचे, "पावसात कोंबडी पळाल्यासारखं दिसतंय." मला ते कौतुक वाटायचं.

अडचण एकच होती. सारिकावहिनी.

वहिनी, म्हणजे मल्लिनाथची बायको, त्याच्या तीन वर्षं आधी जतकडून लग्न होऊन आली. माहेरी गिरणी नाही, काही नाही. पहिलं वर्षभर ती दुपारची मोकळी झाली की गिरणीत पोत्यावर येऊन बसायची आणि ऐकायची. मी एकदा विचारलं, "वहिनी, काय ऐकताय?" म्हणाली, "दगड आज खालच्या अंगाला रडतोय, भावजी." मी हसलो. अण्णांनी मोटर बंद करून दगड उचलला. खालच्या अंगाला घाव झिजले होते.

मग एकदा अण्णांचं मनगट सुजलं. वहिनी म्हणाली, "अण्णा, मी बघू का?" आणि पदर खोचून बसली. तिची टाकी वाजायला लागली तसे शेजारचे गुरुजी भिंतीपलीकडून ओरडले, "अण्णा, मनगट बरं झालं वाटतं!"

त्या दिवसापासून गावानं माझ्याशी वैर धरलं. अगदी सभ्य वैर. दारात बाई येणार, मला बघणार, माझ्या खांद्यावरून आत बघणार.

"सारिका न्हाई का रं?"

"नाहीत. मी आहे की."

"तू हायसच की," असं म्हणून बाई डबा घेऊन परत. 'हायसच की' हे शब्द किती वाईट असू शकतात हे ज्याला कुणी म्हटलं नाही त्याला कळायचं नाही. चिमण्यासुद्धा माझ्या वेळेला पत्र्यावर बसायच्या आणि वहिनीच्या वेळेला आत यायच्या. आईला मी म्हटलं, तर म्हणाली, "ती दाणे टाकती." म्हणजे लाच. पण चिमण्यांची तक्रार कुठं करणार?

ती वाईट असती तर बरं झालं असतं. ती माझी ताटली वाढून ठेवायची, शर्टाचं बटण लावून द्यायची, आणि ते बटणही पुन्हा कधी तुटायचं नाही. मी मुद्दाम ओढून बघितलंय.

सत्काराचा दिवस ठरला. समाजमंदिर मिळालं. अण्णा मला काहीच सांगेनात, विचारलं की म्हणायचे, "चार्ज कुणाला ते इष्टेजवर कळंल. गुरुजी म्हणले तसाच नियम हाय." शुक्रवारी मी फ्लेक्स आणायला गेलो. फ्लेक्सवाला जेवायला गेला होता. कोपऱ्यात आमचा फ्लेक्स गुंडाळून उभा होता, एका बाजूची कड तेवढी सुटून बाहेर आलेली. त्या कडेवर वहिनीचा फोटो होता. हातात टाकी, तोंडावर हसू. खाली लाल अक्षरात 'सौ. सारिका मल्लिनाथ म्हेत्रे' आणि त्याखाली 'यांच्याकडे पदभार सुपूर्द.'

मी फ्लेक्स उलगडला नाही. ज्याला जे बघायचं होतं ते दिसलं, की हात पुढं जात नाही. मी तो खांद्यावर घेतला आणि घरी आणून अण्णांच्या खोलीत ठेवला. वाटेत तो खांद्याला टोचत होता असं मला तेव्हा वाटलं. फ्लेक्स टोचत नाही.

शनिवारी दुपारी वहिनीनं जोंधळ्याच्या दगडाला टाकी लावली. रविवारच्या भाकरींचं पीठ त्याच दगडावर निघणार होतं. मी पोती रचत होतो आणि तिचे घाव ऐकत होतो. टक, टक, टक. अडीच तासांत एकही घाव पुढं-मागं नाही. मी वाट बघत होतो. मी फक्त एक वाकडा घाव मागत होतो.

टाकी लावून झाली की एक नियम असतो. पहिलं दळण दगडाचं. ताज्या घावांत दगडाची कच, म्हणजे बारीक चुरा, अडकलेली असते, म्हणून आधी चार-पाच किलो हलका जोंधळा दळून ती कच बाहेर काढायची. ते पीठ कुणी खात नाही. मंडळाची पोरं त्याची खळ करून पोस्टर चिकटवतात. मंगळवेढ्यात मागची तीन मतदानं आमच्या पहिल्या दळणावर चिकटलेली होती. हा नियम कुठं लिहिलेला नाही, कारण गिरणीवाल्यानं तो विसरणं म्हणजे न्हाव्यानं वस्तरा विसरणं.

वहिनीनं दगड बसवला, हात झटकले.

"भावजी, मी आईंना भाजी निवडायला जाते. पहिलं दळण काढलेलं नाही. तेवढं काढा आणि मग कार्यक्रमाचा जोंधळा टाका."

"बरं," मी म्हणालो.

"नक्की ना?"

"वहिनी, मी सात वर्षं गिरणीत आहे."

ती गेली. एका बाजूला हलक्या जोंधळ्याची बादली होती, दुसऱ्या बाजूला कार्यक्रमासाठी निवडून ठेवलेला मालदांडी जोंधळा, मोत्यासारखा. मी मोटर चालू केली. बादली उचलली. आणि मला तो फोटो दिसला, त्यातलं ते हसू. मी बादली खाली ठेवली आणि मालदांडी ओतला. पीठ पांढरंशुभ्र पडत होतं, कुणाला काही कळलं नसतं. मला उद्याचं सगळं दिसत होतं. सत्तर माणसं पहिला घास घेतील, दाताखाली कच येईल, आणि सगळी स्टेजकडं बघतील. वहिनीच्या दगडाकडं. सगळं पीठ उतरल्यावर मी बादलीतला जोंधळा परत पोत्यात ओतला. माझं तेवढं एक काम त्या दिवशी सफाईदार झालं.

रविवारी समाजमंदिरात अण्णा पांढऱ्या कपड्यात बसले होते. नेहमीच पांढरे असायचे, पण आज कापडानं होते. बाराला पाच कमी असताना मल्लिनाथदादानं आणि गुरुजींच्या जावयानं मिळून फ्लेक्स ताणला. पूर्ण.

मधोमध अण्णा. उजवीकडं वहिनी, टाकी घेऊन. डावीकडं मी. माझा फोटो दहावीच्या हॉल तिकिटावरचा, तेल लावून चापून भांग पाडलेला. खाली लाल अक्षरात 'चि. सिद्राम रेवणसिद्ध म्हेत्रे व'.

तो 'व' हाताएवढा होता. मी त्या 'व'कडं बघत राहिलो.

सव्वाबाराला गुरुजींनी शाल घातली. अण्णांनी माईक हातात घेतला, आधी बाजूला तोंड करून खोकून घेतलं.

"मी बेचाळीस वर्षं दळलं. आता डागदर म्हणतो बास. दगड सारिका बघंल. माणसं सिदू बघंल. हिला कुणाच्या डब्यात काय हे ध्यानात ऱ्हात न्हाई, आन् ह्याला दगड कळत न्हाई. म्हून दोघं. या रं."

आम्ही स्टेजवर गेलो. अण्णांनी टाकी आडवी धरली. एक टोक माझ्या हातात, एक वहिनीच्या. फोटोवाला म्हणाला, "दादा, हसा की." मी हसलो. तो फोटो अजून आहे. त्यात मी हसत नसून शिंकणार आहे असं दिसतं.

"सुटलो बाबा," अण्णा माईक बाजूला न करताच म्हणाले. सगळं समाजमंदिर हसलं. मला तसा त्यांचा आवाज पुन्हा कधी ऐकायला मिळाला नाही.

मी मागच्या दारानं चुलींकडं पळालो. आई आणि गल्लीतल्या चार बायका भाकरी थापत होत्या. चवड कमरेएवढी झाली होती.

"आई, भाकरी वाढू नका."

"का?"

"भात करू."

"सत्तर माणसांचा? आता? डोस्कं फिरलं का?"

"मग कडक करा. कडक भाकरी करा सगळ्या." माझं गणित असं होतं, की कडक भाकरी मुळातच कुरकुर वाजते, त्यात कच वाजली तर कळणार नाही. आयुष्यात मला सुचलेली ही सगळ्यात हुशार युक्ती होती.

"कडक व्हायला दोन दिस लागत्यात," आई म्हणाली. "बाजूला हो, पीठ उडतंय."

मी परत पळालो आणि गुरुजींना गाठलं. "गुरुजी, तुम्ही दोन शब्द बोला."

"मी? दोन शब्दच?"

"कितीही बोला. संध्याकाळपर्यंत बोला."

गुरुजींना निवृत्तीनंतर असं कुणी म्हटलं नव्हतं. ते पन्नास मिनिटं बोलले. गव्हाच्या उत्पत्तीपासून सुरुवात करून ते जोंधळ्यापर्यंत आले तेव्हा लोकांनी स्वतःच पत्रावळ्या मांडून घेतल्या. माझ्या डोळ्यांसमोर वांग्याची भाजी आली, शेंगाची चटणी आली, भाकरी आली.

सत्तर माणसांनी पहिला घास घेतला. नदीच्या वाळूतून वरात चालल्यासारखा आवाज आला. मग पुन्हा तोच आवाज, पण हळू. यजमान गळ्यात हार घालून समोर बसलेला असताना जेवणाला नाव ठेवायचं नाही एवढी रीत सगळ्यांना माहीत होती. लोक घास तोंडात फिरवत होते, एकमेकांकडं बघत होते आणि मान डोलवत होते. गुरुजींची कवळी नवी होती. त्यांनी ती तोंडातल्या तोंडात नीट बसवली आणि म्हणाले, "भाकरी... भारदस्त आहे."

पलीकडून एका म्हाताऱ्यानं विचारलं, "जोंधळा कुठल्या रानातला म्हणायचा?"

"का हो?"

"न्हाई, रानासकट दळलाय."

अण्णांनी घास तोडला. मी त्यांच्या जबड्याकडं बघत होतो. जबडा दोनदा हलला आणि थांबला. त्यांनी घास तळहातावर काढला, बोटानं पसरला, आणि त्यातले बारीक काळे कण उन्हाच्या तिरिपेला धरले. आता ते वहिनीकडं बघतील.

त्यांनी वहिनीकडं बघितलं.

"सारिके, हिकडं ये. हे बघ."

वहिनी आली, वाकली. तिनं एक कण बोटावर घेतला, अंगठ्यानं चोळला.

"सगळे एकसारखे आहेत, अण्णा."

"एकसारखे हायत! मोठा न्हाई, बारका न्हाई. घाव किती सरळ पडला असंल बघ." अण्णांच्या आवाजात कौतुक होतं. "बेचाळीस वर्षांत माझ्या दगडाची कच अशी पडली न्हाई."

"कडेला जरा जास्त खोल गेलं का?"

"न्हाई गं. बरोबर हाय. हे घे, ह्यो बघ."

दोघं त्या तळहातावर डोकी लावून बसले. मी समोर उभा होतो. मी तिचा दगड बदनाम करायला कच खाऊ घातली होती, आणि ती कचसुद्धा माझ्यापेक्षा चांगली निघाली होती. मला कुणी रागावतसुद्धा नव्हतं. त्या क्षणी मला कुणी दोन थोबाडीत दिल्या असत्या तर मी त्याचा सत्कार केला असता.

मग अण्णांनी मान वर केली.

"पहिलं दळण कुणी काढायचं हुतं?"

"मी भावजींना सांगून गेले होते," वहिनी म्हणाली. तिनं खोटं बोलून मला वाचवलं नाही, चढवूनही काही सांगितलं नाही. जेवढं होतं तेवढंच. सरळ.

"सिदू, राहिलं का ठेवलं?"

सत्तर माणसं चावायची थांबली. 'राहिलं' हा शब्द माझ्या जिभेवर तयार होता. पण अण्णा तळहात माझ्यापुढं धरून होते.

"ठेवलं," मी म्हणालो.

अण्णांनी विचारलं नाही, का ठेवलं. त्यांनी मागं वळून फ्लेक्सकडं बघितलं, माझ्या फोटोकडं, मग वहिनीच्या. त्यांना बहुतेक कळलं. त्यांनी शाल काढली, घडी घातली आणि गुरुजींच्या हातात दिली. नारळ दिला. फेटा दिला. हाराची गाठ सुटेना, म्हणून हार तसाच राहिला. आम्हा दोघांना दिलेली टाकी त्यांनी स्टेजवरून उचलून खिशात घातली.

"अण्णा, हे काय?" गुरुजी म्हणाले. "चार्ज दिला की तुम्ही."

"कुणी दिला?"

"आत्ता. आमच्यादेखत."

"मंडळी," अण्णा म्हणाले, "शिरा बिनधास्त खा, त्यो गिरणीत दळलेला न्हाई. आन् आज हितं काय झालेलं न्हाई. मी जातो. दळणं खोळंबल्यात."

आणि ते गेले. गल्लीतून पांढऱ्या कपड्यात, गळ्यात झेंडूचा हार, खोकत. थोड्या वेळानं मोटर सुरू झाल्याचा आवाज आला. लोकांनी शिरा खाल्ला, खरंच काही झालं नव्हतं असा. फ्लेक्सची पांढरी बाजू वर करून आम्ही तो गिरणीच्या दाराला उन्हासाठी बांधला.

पंधरा दिवसांनी मी धीर करून म्हणालो, "अण्णा, माझं चुकलं. वहिनींना एकट्यांना चार्ज द्या. डॉक्टरांनी वर्ष सांगितलंय."

अण्णा दगडावर हात फिरवत होते. "देतो की. पण तिला एकटीला दिला, की तू तिचा दगड खाशील. तुला दिला, तर दगड तुला खाईल. मधी कुणीतरी उभं ऱ्हायला पायजे." मग त्यांनी खोकून घेतलं. खोकला संपेपर्यंत मी काट्याची वजनं पुसली.

तेव्हापासून ते मध्ये उभे आहेत. आता सत्तरीचे झालेत. जिना चढायचा त्यांनी सोडून दिला, गिरणीतच खाट टाकली आहे. दोन वाक्यांच्या मध्ये खोकला येतो, आणि तो येतो तेव्हा घरातला प्रत्येकजण वेगळीकडं बघतो. डॉक्टर चुकला, असं अण्णा म्हणतात, वर्ष म्हणाला होता आणि नऊ झाली. गुरुजी सकाळी काठी घेऊन फिरायला निघतात तेव्हा अण्णा दारात येऊन त्यांच्याकडं बघत राहतात. अण्णांना आणि मला एकमेकांची ती नजर ओळखता येते. रक्तातली आहे.

टाकी अण्णांच्या खिशात असते. आठ-दहा दिवसांनी वहिनी हात पुढं करते, ते देतात, ती लावते, परत करते. पहिलं दळण माझ्याकडं आहे, कायमचं. ते मी इमानानं काढतो. काढून झालं, की कुणी बघत नाही असं पाहून चिमूटभर पीठ तळहातावर घेतो आणि उन्हाला धरतो. नऊ वर्षं एक तरी कण मोठा निघेल म्हणून बघतोय. सबब, हा अर्ज लिहून मी तो काल अण्णांच्या उशाखाली ठेवला आहे.

प्रति,
मा. मालक,
म्हेत्रे गिरणी, मंगळवेढा.

विषय : सेवानिवृत्ती पूर्वलक्षी प्रभावाने मंजूर करणेबाबत.

महोदय,

उपरोक्त विषयास अनुसरून अर्जदार विनंती करतो की, आपणांस नऊ वर्षांपूर्वीपासून सेवानिवृत्त समजण्यात यावे, आणि मधल्या काळातील संपूर्ण खोकला अर्जदाराच्या नावे वर्ग करण्यात यावा. अर्जदाराच्या मनात त्या शनिवारी जे होते ते अद्याप तेथेच असल्याने, त्यासही वयोमर्यादा लावून मोकळे करण्यात यावे. हे नियमात बसत नसल्यास, सौ. सारिकावहिनी यांच्या हातून निदान एक घाव वाकडा पडेल अशी तजवीज व्हावी. तो अर्जदार कुणालाही दाखवणार नाही. एकदा बघून, स्वतःच्या हाताने सरळ करून ठेवील, ही नम्र विनंती.